तेव्हा क्रीडापाने कुठे होती?

सायकलपटू उत्तेजक चाचणीत सापडला, की क्रीडापाने त्याच्यावर तुटून पडतात. तो जिंकत असताना मात्र हीच पाने आरत्या ओवाळत असतात. अमेरिकी सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची ‘टूर द फ्रान्स’ या सायकल शर्यतीची १९९९ ते २००५ची सात विजेतेपदे उत्तेजकांमुळे २०१२मध्ये काढून घेतली गेली. पण १९९९मध्येच त्याच्या नमुन्यात कॉर्टिकोस्टेरॉइड या उत्तेजकाचा अंश सापडल्याची बातमी ‘ल माँद’ या फ्रेंच दैनिकाने दिली होती. तो अंश मलमातून आल्याचे दाखवणारी, मागची तारीख घातलेली डॉक्टरची चिठ्ठी पुढे आली आणि प्रकरण मिटले! कर्करोगावर मात केलेल्या वीराची कहाणी बहुतेकांना अधिक गोड लागली. शंका घेणारे पत्रकार डेव्हिड वॉल्श यांना काही सहकारी पत्रकार आपल्या गाडीत घ्यायलाही तयार नव्हते. त्यांच्या ‘संडे टाइम्स’ या ब्रिटिश वृत्तपत्राला आर्मस्ट्राँगने केलेल्या अब्रुनुकसानीच्या दाव्यात तडजोडीपोटी तीन लाख पौंड मोजावे लागले. आर्मस्ट्राँगने कबुली दिली ती थेट २०१३मध्ये.

त्याआधीचे, १९९८चे फेस्टिना या सायकल संघाचे उत्तेजक प्रकरणही पत्रकारांनी नव्हे, तर कस्टमच्या अधिकाऱ्यांनी संघाची गाडी तपासल्यामुळे बाहेर आले. शेकडो वार्ताहर तीन आठवडे शर्यतीसोबत फिरतात, त्यांना काहीच दिसत नव्हते? की दिसले ते छापले, तर दुसऱ्या दिवशी मुलाखत मिळणार नाही, ही भीती होती?

– एक क्रीडाप्रेमी वाचक