तो उंचवटा पुसू दिला नाहीस, ताई

प्रिय ताई,

नाव लिहू नकोस म्हणालीस, म्हणून नुसतं ताई. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचे होते, कारण घरी बसून केप्लर या अवकाश दुर्बिणीचा डेटा उघडणारे माझ्यासारखे बरेच जण असतील, आणि मी करायला निघालो होतो तीच चूक त्यांच्याही हातून होऊ शकते.

आपली ओळख २८ फेब्रुवारीची, विज्ञान दिनाला पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात रांगेत उभं असतानाची. एम.एस्सी.चा प्रोजेक्ट अडकलाय, एवढंच मी म्हणालो. तू लगेच विचारलंस, "कुठला तारा?"

हॅट-पी-११. हंस तारकासमूहातला, सूर्यापेक्षा थोडा लहान आणि थंड, आपल्यापासून साधारण १२० प्रकाशवर्षांवरचा. त्याचा ग्रह नेपच्यूनएवढा, ४.८९ दिवसांत एक फेरी मारणारा. दर फेरीत तो ताऱ्यासमोरून जातो, तेव्हा साधारण सव्वादोन तास ताऱ्याचा उजेड अर्ध्या टक्क्याहूनही कमी घटतो. तेवढीशी घट केप्लरने मिनिटामिनिटाला टिपून ठेवली आहे.

माझी अडचण अशी होती की, प्रकाशवक्रातल्या, म्हणजे वेळेनुसार उजेड दाखवणाऱ्या आलेखातल्या, त्या खळग्याचा तळ नितळ येईना. मधेच बारीक उंचवटे. मग मी कोडमध्ये एक ओळ घातली, तीन सिग्माच्या बाहेरचे, म्हणजे सरासरीपासून फार दूर पडलेले ठिपके काढून टाकणारी. आलेख एकदम स्वच्छ झाला. गाईडना दाखवायचं ठरवूनही टाकलं होतं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "काढायच्या आधी सगळे छापून आण. एकाच मापात."

रविवारी दहा अधिक्रमणांचे, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून गेल्याच्या दहा वेळांचे, दहा कागद घेऊन कर्वेनगरला तुझ्या खोलीवर आलो. तू दोन कागद एकावर एक धरून खिडकीच्या काचेला टेकवलेस. बाहेर लख्ख ऊन होतं, मागच्या कागदावरची रेघही स्पष्ट दिसत होती. मग वरचा काढून दुसरा, मग तिसरा. उंचवटे सगळ्याच कागदांवर नव्हते, पण जिथे होते तिथे दोनच ठरावीक जागी, एकमेकांवर बसणारे. नुसता गोंधळ असता तर ते कुठेही उमटले असते. मला त्या क्षणी घशाशी काहीतरी आलं, हे तुला सांगितलं नव्हतं.

ताऱ्याच्या झळझळीत भागावरून जाताना ग्रह जेवढा उजेड अडवतो, त्यापेक्षा गार, काळपट डागावरून जाताना कमी अडवतो. म्हणून तेवढ्यापुरती रेघ वर उचलली जाते. उंचवटा म्हणजे डाग. आणि या ग्रहाची कक्षा ताऱ्याच्या फिरण्याच्या दिशेला जवळजवळ काटकोनात आहे. सूर्यावर जसे डाग विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत येतात तसेच तिथेही येत असतील, तर ग्रह दर वेळी ते पट्टे त्याच दोन जागी ओलांडणार. कक्षा विषुववृत्ताच्या पातळीत असती, तर तोच डाग पुढच्या अधिक्रमणात सरकलेला दिसला असता. केप्लरच्या डेटावरून हा अर्थ संशोधकांनी २०११ मध्येच लावला होता. पण तू आधी तो पेपर हातात दिला नाहीस. आधी कागद काचेवर धरायला लावलेस. कक्षेचा कल ज्या ठिपक्यांत लिहिलेला होता, तेच मी पुसायला निघालो होतो.

नंतरच्या गोष्टी फोनवर झाल्या. तारा सुमारे २९ दिवसांत स्वतःभोवती फिरतो, डाग समोर येतात आणि मागे जातात, त्यामुळे वक्र संथ हेलकावे घेतो; ते सपाट करताना सरासरीसाठी घेतलेला कालावधी फार कमी धरला तर खळगाही खाल्ला जातो. ग्रहाच्या वाटेत न आलेले डाग हिशेबात घेतले नाहीत, तर ग्रह आहे त्याहून मोठा वाटतो. हे सगळं तू पीएमपीच्या बसमधून सांगितलंस. दोनदा आवाज तुटला, दोन्ही वेळा तू पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीस.

तुझा स्वतःचा थिसिस जमा करायला तेव्हा दोनच महिने उरले होते, हे मला फार उशिरा कळलं. त्यातले सहा रविवार तू मला दिलेस.

ताई, इथे नाव लिहिलं नाही, पण रिपोर्टच्या आभाराच्या पानावर तरी लिहू दे. पान कोरं ठेवलंय. बाइंडिंगला शुक्रवारी द्यायचं आहे, तोवर हो म्हण.

तुझा,
हॅट-पी-११वाला