मा. पणन मंत्र्यांना खुले पत्र : हापूस स्वस्त झाला की पैसा कुठे जातो?

प्रति,
मा. पणन मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

मे महिन्यात हापूसची आवक वाढली की आम्हाला ठरलेला सल्ला मिळतो : भाव उतरू द्या, खप वाढेल, पैसे भरून निघतील. खप वाढतो, खरं आहे. पैसे मात्र बागायतदाराचे भरून निघत नाहीत.

समजण्यापुरते आकडे धरू. दुकानात डझन 600 रुपये. त्यातले 240 बागेत येतात. उरलेल्या 360 मध्ये पेटी, पेंढा, गाडीभाडं, हमाली, अडत, पिकवणं, नासाडी आणि दुकानदाराचा नफा. बागेतला भाव पडला म्हणून हे 360 कमी होत नाहीत. 240 चे 180 झाले, म्हणजे 25 टक्के घसरण. गिऱ्हाइकाला मात्र डझन 540 ला, जेमतेम 10 टक्के स्वस्त. भाव 1 टक्का उतरल्यावर खप दीड टक्का वाढतो असं धरलं, तर 100 डझनांच्या जागी 115 जातील. गिऱ्हाइकांनी मोजलेले 60,000 चे 62,100 होतात, मधल्या साखळीचे 36,000 चे 41,400. बागायतदाराचे 24,000 चे 20,700, शिवाय जादा 15 डझन उतरवायची मजुरी त्याच्याच डोक्यावर.

आता तेच 60 रुपये मधल्या 360 मधून कमी करून बघा. गिऱ्हाइकाला भाव तोच 540, खप तोच 115 डझन, आणि बागायतदाराच्या हातात 27,600.

माल रोखून धरा, हेही सांगितलं जातं. चौदा आणे (सोळापैकी, म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार झालेलं फळ झाडावर ठेवलं की साका, म्हणजे आतला गर खराब होण्याचा दोष, वाढतो, आणि पाऊस जवळ आला की फळमाशी. सुरुवातीच्या पेट्यांचं गणित वेगळं : पाडव्याला आंबा घेणारा भाव फारसा बघत नाही, तिथे स्वस्ताईने खप वाढत नाही. मे महिन्यात त्याच हातगाडीवर केसर असतो, आणि हापूसला 2018 चं भौगोलिक मानांकन (ठरलेल्या भागातल्याच मालाला ते नाव) असूनही 'देवगड' म्हणून विकला जाणारा कर्नाटकचा आंबाही. गिऱ्हाईक मग लगेच दुसरीकडे वळतं.

पेटीचंच बघा. फळाच्या आकाराप्रमाणे तिच्यात 4 ते 8 डझन बसतात, तरी दर सांगतात 'पेटीला इतके ते इतके'. त्यावरून बागेत बसून काय ठरवणार? तिघांच्या घराला पाच डझन म्हणजे एकरकमी 3,000 रुपये, आणि सगळी फळं एकदम पिकणार. अशा घरात 10 टक्के सवलतीने पेटी जात नाही. सहा फळांचा खोका जातो.

म्हणून मागणं असं. बाजार समित्यांनी रोजचा दर प्रतवारी आणि किलोप्रमाणे द्यावा. देवगड, राजापूर, गुहागरला तालुक्याच्या ठिकाणी पिकवण केंद्रं हवीत : सुमारे 20 अंश तापमान, 100 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) इथिलीन हा फळ पिकवणारा वायू, 24 तास. नुसती खोली बांधून भागत नाही. कार्बन डायऑक्साइड साठला की फळ नीट पिकत नाही, त्यामुळे हवा बदलायची सोय आणि ती वेळेवर बदलणारा माणूस दोन्ही लागतात. कच्चं-तयार फळ एका क्रेटमध्ये मिसळलं, तरी घोळ होतो. तिथूनच सहा आणि बारा फळांचे खोके भरून थेट शहरात गेले, तर पेटीची दुबार हाताळणी आणि नासाडी 360 मधून सुटते.

फेब्रुवारीत पेट्या निघू लागतात. दरफलकाचं परिपत्रक जानेवारीत निघालं, तर याच हंगामात लागू करता येईल.

आपले,
हापूस बागायतदार, रत्नागिरी-सिंधुदुर्ग