उत्तरेकडचं तांबडं

अमळनेर,
१२ जानेवारी २०२६

प्रिय सुन्या,

तुझा फोटो पोचला. या आठवड्यात थ्री फेजची लाईट रात्रीची आहे, म्हणून साडेतीनला गव्हाला पाणी भरायला गेलो होतो. बांधावर बसून मोबाईल उघडला, तर तुझ्या नॉर्वेतल्या ट्रोम्सोचं हिरवं आकाश. पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं तसंच राहिलं.

खाली तू लिहिलंस, 'इथे सगळे ऑरोरा म्हणतात, मायला फोनवर सांगताना मला शब्दच सापडेना.' चार दिवस मी त्या शब्दामागे आहे. व्हॉट्सॲपवर मावणार नाही, म्हणून पत्र.

छापील शब्द आहे रे, ध्रुवीय प्रकाश. हिंदीत मेरुज्योती. चूक कुठलाच नाही. पण 'ध्रुवीय प्रकाश' म्हटलं की मला भूगोलाच्या पुस्तकातली आकृती दिसते, तुझं आकाश दिसत नाही. ऑरोराचं तसं नाही. ती रोमन लोकांची पहाटेची देवी. ग्रीकांकडे तीच इओस, आणि आपल्याकडे उषा. भाषेचे अभ्यासक या तिन्ही नावांचं मूळ एकच मानतात. लॅटिनमध्ये मधल्या 'स'चा 'र' झाला आणि आपल्या उषेची बहीण ओळखू येईनाशी झाली. आपल्याकडे केळीची केयी आणि जळगावचं जयगाव होतं, तसंच हे.

नुसतं नाव सारखं असतं तर मी इतका हललो नसतो. ग्रीकांची गोष्ट अशी, की इओसचा टिथोनस नावाच्या माणसावर जीव जडला. तिने त्याच्यासाठी अमरत्व मागून घेतलं, पण तारुण्य मागायला विसरली. ती रोज सकाळी तितकीच तरुण उगवते, तो मात्र म्हातारा होत जातो, होतच जातो. आणि ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात, ९२व्या सूक्तात, उषेला काय म्हटलंय बघ: पुनःपुनर्जायमाना पुराणी. पुन्हापुन्हा जन्मणारी, तरी पुरातन, आणि माणसाचं आयुष्य झिजवत नेणारी. दोन्हीकडच्या लोकांना पहाटेत एकच गोष्ट दिसली. आप्पा आता शेतात येत नाहीत. गुडघे गेले. पण चार वाजता उठून गोधडी लपेटून ओट्यावर बसतात आणि मी परत आलो की विचारतात, 'लाईट टिकली का रे?' ती ऋचा वाचली त्या दिवसापासून त्यांच्याकडे बघताना मला ती आठवते.

आता तुझ्या दिव्यांना पहाटेचं नाव का पडलं ते सांगतो. हे नाव तिकडच्या माणसांनी दिलेलंच नाही. फिनलंडचे लोक त्याला कोल्ह्याची आग म्हणतात. 'उत्तरेची पहाट', म्हणजे ऑरोरा बोरिआलिस, हा शब्द इटली-फ्रान्सकडचा. १६१९च्या सुमाराला गॅलिलिओच्या मंडळींच्या लिखाणात तो येतो. जमिनीवरून वर चढलेल्या वाफेवर सूर्याचा उजेड पडून तो उलटा फिरतो, असं गॅलिलिओला वाटत होतं. म्हणजे त्याच्या लेखी ती खरोखरची पहाटच होती, फक्त दिशा चुकलेली.

कारण ते चुकलं, पण डोळे चुकले नव्हते. सूर्याकडून आलेले कण पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात सापडतात, शेवटी ध्रुवांकडच्या हवेवर आदळतात आणि तिथले अणू उजळतात. शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा दिसतो. तोच ऑक्सिजन दोनशे किलोमीटरच्या वर लाल दिसतो. का, ते मला फार आवडलं. हिरवा उजेड सोडायला त्या अणूला सेकंदभरही लागत नाही, पण लाल उजेड सोडायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ त्याला कुणाचा धक्का लागता कामा नये. खाली हवेची गर्दी, कुणीतरी आदळतंच आणि तो उजेड आतल्या आत विझतो. वर विरळ, तिथे त्याला दोन मिनिटांची निवांतता मिळते.

तू त्या उजेडाच्या थेट खाली राहतोस, म्हणून तुला हिरवं दिसतं. दूर दक्षिणेकडे राहणाऱ्याला पृथ्वीच्या गोलाईमुळे खालचं हिरवं दिसतच नाही, फक्त वरचा लाल पदर क्षितिजाशी टेकलेला दिसतो. त्याला वाटतं, उत्तरेला तांबडं फुटलं.

आपल्याला उत्तरेला तांबडं दिसलं तर काय वाटतं, आठवतं ना? चोपड्याला तुझ्या मामांच्या गच्चीवर झोपायचो तेव्हा होळीच्या दिवसांत सातपुड्याकडे लाल व्हायचं आणि मामा म्हणायचे, 'वणवा लागला.' रोमन लेखक सेनेकाने नेमकं हेच लिहून ठेवलंय. सम्राट तिबेरियसच्या काळात रात्री आकाश असं पेटलं, की रोमजवळचं ओस्तिया बंदर जळतंय समजून रोमचे शिपाई मदतीला धावत गेले. वाचताना मला मामांची गच्ची दिसली.

आणि आपण कितीही दक्षिणेला असलो तरी हे अगदीच परकं नाही. ४ फेब्रुवारी १८७२, रविवार. त्या रात्री सौर वादळ इतकं मोठं होतं, की मुंबईच्या आकाशात रंग दिसले. टाइम्स ऑफ इंडियाने छापलं होतं, की पहाटे तीनच्या सुमाराला गडद जांभळा रंग होता आणि सूर्य उगवेपर्यंत तो दिसत होता. सुन्या, म्हणजे त्या दिवशी मुंबईत दोन्ही ऑरोरा एकमेकींना भेटल्या असणार! त्या रात्री अमळनेरला कुणी बांधावर असेल तर त्याला काय दिसलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. मे २०२४च्या वादळात लडाखमधल्या हानलेच्या वेधशाळेतून दिसलं, तेही लालच. दूरचं ना.

शब्दांपुरतं म्हणशील तर आपली पहाट गरीब नाही. आधी शुक्राची चांदणी वर येते, मग झुंजूमुंजू होतं, मग फटफटतं, मग तांबडं फुटतं, मग उजाडतं. परवा मी मुद्दाम लक्ष ठेवलं. झुंजूमुंजूला गव्हाची ओंबी नुसती काळी रेघ होती, फटफटल्यावर तिची कुसं मोजता आली, तांबडं फुटल्यावर कुसावरचं दव दिसलं. रोमन लोक त्या दवाला ऑरोराचे अश्रू म्हणायचे, तिच्या मारल्या गेलेल्या मुलासाठी गाळलेले. पहिल्या उजेडापासून सूर्य वर येईपर्यंत आपल्याकडे सव्वा तास, फार तर थोडा जास्त. एवढ्यात आपण इतके शब्द बसवले.

तुझ्याकडे मात्र नोव्हेंबरच्या शेवटी गेलेला सूर्य अजून उगवलेला नाही. रोज दुपारी दक्षिणेला गुलाबी होतं आणि तिथूनच परत मावळतं, असं तू मागे लिहिलं होतंस. पहाट होते, दिवस होत नाही. लोकमान्यांनी १९०३च्या 'आर्क्टिक होम'मध्ये याच धाग्यावर सगळं उभं केलं होतं. सूर्य उगवण्याआधी पुष्कळ दिवस गेले, असं ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात म्हटलंय. उषांचा उल्लेखही बहुवचनात येतो. मग ही लांबलचक पहाट ध्रुवाजवळ राहणाऱ्यांनीच पाहिली असणार, असं त्यांचं म्हणणं. आर्यांच्या मूळ घराचा त्यांचा निष्कर्ष आज अभ्यासक मानत नाहीत, मलाही पटत नाही. पण त्या ऋचा त्यांनी ज्या बारकाईने वाचल्या, त्याला तोड नाही, आणि तुझ्या खिडकीबाहेर सध्या तशीच पहाट आहे.

काल तुझ्या घरी काकूंकडे तिळगूळ द्यायला गेलो. संक्रांत परवा, पण कॉलेजला सुट्टी होती. त्या चुलीवर भरताची वांगी भाजत होत्या, कळण्याची भाकरी खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. तुझा फोटो दाखवला. चष्मा पुसून त्यांनी नीट पाहिला आणि म्हणाल्या, 'हाई काय, रातलेच तांबडं फुटनं का?' फोटोत तर सगळं हिरवं. तरीही त्यांच्या तोंडी तोच शब्द आला, जो गॅलिलिओच्या मंडळींच्या तोंडी आला होता. तुला शब्द हवा होता ना, हा घे: रातचं तांबडं. माझ्या चार दिवसांच्या धडपडीतून याहून चांगला निघाला नाही.

मग मी सांगितलं, की तिकडे दोन महिने सूर्यच उगवत नाही. काकूंचा हात थांबला. म्हणाल्या, 'मंग मना पोऱ्या उठस कव्हय?'

२१ तारखेच्या आसपास तुमच्याकडे सूर्य दिसेल, असं तू म्हणाला होतास. दिसला की आधी काकूंना फोन कर. त्या पाचला उठलेल्या असतात, पण तू आपली वेळ बघू नकोस, कधीही कर.

तुझा,
पंकज