मागच्या ब्रेकचे आतले पॅड न पाहताच ‘ओके’ शेरा दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

तीन आठवड्यांपूर्वी तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून माझी गाडी परत आली. जॉब कार्डवर मागच्या ब्रेकपुढे ‘ओके, ७ मिमी’ असं लिहिलेलं होतं. काल मी उजवं मागचं चाक स्वतः काढलं. चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला, म्हणजे डिस्कला, दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या पॅडपैकी बाहेरचा खरंच ७ मिमी जाड आहे. आतला, म्हणजे पिस्टनच्या (पॅड ढकलणाऱ्या दट्ट्याच्या) बाजूचा, जेमतेम १ मिमी उरलाय आणि त्याचं एक टोक पाठीच्या लोखंडी पट्टीपर्यंत घासलंय. ही गाडी रोज माझी मुलगी चालवते.

चाक काढायचं कारण म्हणजे ब्रेक दाबल्यावर येणारी चर्र करकर. शिवाय थोडं अंतर जाऊन आलं की उजव्या मागच्या चाकाची रिम डावीपेक्षा स्पष्ट गरम लागायची. सेंटरला फोन केला तर ‘धूळ असेल, दोन दिवसांत जाईल’ असं उत्तर मिळालं. गेली नाही.

सपाट जागी पुढच्या चाकांना ठोकळे लावले, गाडी गिअरमध्ये ठेवली, हँडब्रेक सोडला आणि नुसत्या जॅकवर न विसंबता खाली स्टँड दिले. चाक हाताने फिरवून पाहिलं तर जड जात होतं. पहिला संशय हँडब्रेकच्या केबलवर गेला, कारण ती अडकली तरी पॅड डिस्कला घासत राहतात. पण कॅलिपरवरचा, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्यावरचा, हँडब्रेकचा लिव्हर त्याच्या थांब्यापर्यंत नीट परत येत होता. मग पिस्टन पाहिला. माझ्या गाडीत हँडब्रेक मागच्या कॅलिपरमध्येच आहे, त्यामुळे पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, फिरवत दाबावा लागतो. तो अवजाराने फिरवला, विनाअडथळा आत गेला. उरल्या गाइड पिन, म्हणजे ज्यांच्यावर कॅलिपर आत-बाहेर सरकतो त्या सळया. वरची बोटाने सरकली. खालची मात्र हलेना. तिचा रबरी बूट फाटलेला, आत पाणी शिरून गंज धरलेला आणि ग्रीस वाळून खडखडीत झालेलं.

त्या पिनमुळे कॅलिपर सरकत नव्हता. पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबत राहिला, बाहेरचा मात्र धड ओढलाच गेला नाही. वापराने जोडीतले दोन्ही पॅड साधारण सारखे झिजतात. एक ७ आणि दुसरा १ मिमी होत नाही. म्हणून ‘पॅडची झीज वॉरंटीत बसत नाही’ हे तुमच्या प्रतिनिधीचं उत्तर मला मान्य नाही. सर्व्हिसनंतर गाडी चारशे किलोमीटरही चाललेली नाही. तेवढ्यात ना ६ मिमी पॅड संपतो, ना पिन एवढी गंजते.

माझी खरी तक्रार तपासणीच्या पद्धतीवर आहे. रिमच्या फटीतून पाहिलं की बाहेरचा पॅड दिसतो, आतला दिसत नाही. तुमच्या माणसाने दिसला तेवढाच मोजला आणि दोन्हींच्या नावाने शेरा मारला. याला तपासणी म्हणता येणार नाही, आणि त्याचे पैसे तुम्ही घेतले आहेत. डिस्कवर किमान जाडी ८ मिमी कोरलेली आहे. मी मोजली तर ७.६ भरली, वर नखाला लागतील एवढे चरे. म्हणजे आता नुसते पॅड बदलूनही भागणार नाही.

तेव्हा मागच्या दोन्ही डिस्क, चारही पॅड, गाइड पिन आणि बूट तुमच्या खर्चाने बदलून द्यावेत. पिनांना रबराला चालणारं सिलिकॉनचं ग्रीस लावावं, साध्या ग्रीसने बूट फुगतात. तपासणीच्या कागदावर आतल्या आणि बाहेरच्या पॅडची जाडी वेगवेगळी लिहिली जावी, आणि याच पद्धतीने ‘ओके’ होऊन गेलेल्या गाड्यांच्या मालकांना बोलावून घ्यावं. त्यांच्यातही कुणाच्या मुली गाडी चालवत असतील.

‘गाडी घरी उघडली, आता आम्ही जबाबदार नाही’ असंही मला फोनवर सांगण्यात आलं. कॅलिपरचा एकही बोल्ट सोडण्याआधीचे फोटो सोबत जोडले आहेत. पॅड आणि ती पिन मी पुसूनही घेतलेली नाही. गाडी अजून स्टँडवरच आहे; तुमचा तंत्रज्ञ इथे पाठवा, मोजमाप त्याने माझ्यासमोर घ्यावं.

आपला,
एक ग्राहक

सोबत: जॉब कार्डची प्रत, फोटो