बदली बॅटरीसोबत चुकीचा चार्जर दिल्याबद्दल आणि सुरक्षित बॅटरीचा तपशील न पुरवल्याबद्दल तक्रार

दि. ६ ऑक्टोबर २०२५
वारजे, पुणे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने विकलेली ३६ व्होल्टची बदली बॅटरी व तिच्यासोबतचा ४३.८ व्होल्टचा चार्जर यांबाबत

महोदय,

जुलै २०२१ मध्ये मी आपल्या कंपनीची २५० वॉट मोटरची इलेक्ट्रिक सायकल विकत घेतली. तेव्हापासून वारजे ते शिवाजीनगर हा जाण्याचा दहा आणि येण्याचा दहा किलोमीटरचा रोजचा प्रवास मी तिच्यावरूनच करत आलो आहे. सायकलीबद्दल माझी काहीही तक्रार नाही; चार पावसाळे तिने निभावले. मूळ बॅटरीची रेंज सुरुवातीला सुमारे ३५ किलोमीटर होती, ती यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत १३ किलोमीटरवर आली. चार वर्षांच्या वापरानंतर लिथियम बॅटरीची क्षमता घटते हे मला मान्य आहे आणि त्याबद्दल मी आपल्याला दोष देत नाही. माझी तक्रार त्यानंतर जे घडले त्याबद्दल आहे.

दि. ४ ऑगस्ट रोजी मी आपल्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून नवी बॅटरी मागितली. माझे मॉडेल आता बंद झाले असून त्याची मूळ बॅटरी उपलब्ध नाही, असे मला सांगण्यात आले. मग कोणती बॅटरी घ्यावी, तिचा तपशील कोठे मिळेल, असे मी विचारले असता "३६ व्होल्टची कोणतीही बॅटरी चालते, अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बसवून घ्या" एवढेच उत्तर मिळाले. त्यानुसार दि. ११ ऑगस्ट रोजी आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून मी १६,८०० रुपयांना बॅटरी आणि नवा चार्जर घेतला. बिलावर "३६ व्होल्ट १४ अँपिअर-तास लिथियम बॅटरी, चार्जरसह" असे लिहिलेले आहे. बॅटरीवर मात्र निर्मात्याचे नाव, उत्पादनाची तारीख, सेलचा प्रकार, भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक यांपैकी काहीही नाही. निळ्या प्लास्टिकच्या आवरणावर हाताने मार्करने "३६" असा आकडा तेवढा लिहिलेला आहे. त्याच वेळी मी हे विचारायला हवे होते. परंतु दुकानावर आपल्या कंपनीची पाटी होती आणि त्या पाटीवर मी विश्वास ठेवला.

तीन आठवड्यांनी माझ्या लक्षात आले की चार्जिंग पूर्ण होत आले की चार्जरचा दिवा हिरवा होतो, काही मिनिटांनी पुन्हा लाल होतो, पुन्हा हिरवा होतो आणि हा खेळ मी प्लग काढेपर्यंत चालू राहतो. जुन्या चार्जरने चार वर्षांत असे कधीही केले नव्हते. मी एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून काम करतो, त्यामुळे मल्टिमीटर हाताशी असतो. दि. ६ सप्टेंबर रोजी मी मोजमाप केले. नव्या चार्जरच्या पिनेवर ४३.८ व्होल्ट भरले, आणि चार्जरच्या मागच्या लेबलवरही बारीक अक्षरांत तोच आकडा छापलेला आढळला. जुन्या चार्जरवर ४२ व्होल्ट असे छापलेले आहे. पूर्ण चार्ज करून, प्लग काढून अर्धा तास ठेवलेल्या नव्या बॅटरीचे व्होल्टेज ४२.४ होते.

हे आकडे आपल्या तांत्रिक विभागाला लगेच कळतील. तरी हे पत्र तांत्रिक नसलेल्या अधिकाऱ्याच्या हाती पडले तर त्यांनाही विषयाचे गांभीर्य कळावे म्हणून थोडे सविस्तर लिहितो. "३६ व्होल्ट" हा केवळ नाममात्र आकडा आहे आणि बाजारात तो दोन वेगळ्या जातींच्या बॅटऱ्यांवर सर्रास लावला जातो. पहिल्या जातीत, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्ट सेलमध्ये, ३.६ व्होल्टचे दहा सेल एकामागोमाग जोडलेले असतात आणि प्रत्येक सेल जास्तीत जास्त ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज करायचा असतो, म्हणून त्यांचा चार्जर ४२ व्होल्टचा असतो. दुसऱ्या जातीत, लोह-फॉस्फेट सेलमध्ये, ३.२ व्होल्टचे बारा सेल असतात, प्रत्येकाची मर्यादा ३.६५ व्होल्ट असते, आणि म्हणून त्यांचा चार्जर ४३.८ व्होल्टचा असतो. दोन्हींची पिन सारखीच येत असल्याने चुकीचा चार्जर बिनबोभाट बसतो. लोह-फॉस्फेटची बॅटरी चार्जर काढल्यावर थोड्याच वेळात प्रत्येक सेलमागे ३.४ व्होल्टच्या आसपास, म्हणजे एकूण ४१ व्होल्टच्या खाली उतरते. माझी बॅटरी अर्ध्या तासानंतरही ४२.४ वर होती. यावरून मला विकलेली बॅटरी पहिल्या जातीची आणि चार्जर दुसऱ्या जातीचा आहे, असाच निष्कर्ष निघतो. दि. १९ सप्टेंबर रोजी आपल्या सर्व्हिस सेंटरमधील मेकॅनिकनेही ही बॅटरी दहा सेलच्या मालिकेची असल्याचे मला तोंडी सांगितले.

एकूण फरक १.८ व्होल्टचा दिसतो आणि तो किरकोळ वाटू शकतो. पण सेलमागे पाहिले तर ४.२ ऐवजी ४.३८ व्होल्टपर्यंत दाब देणारा चार्जर रोज रात्री माझ्या घरात जोडला जात होता. मर्यादेपलीकडे चार्ज झालेल्या सेलमध्ये ऋण टोकाच्या ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर लिथियम धातू साचू लागतो, दुसरीकडे धनाग्राची (धन टोकाची) रचना अस्थिर होते, आतील द्रावणाचे विघटन होऊन वायू तयार होतो आणि सेल तापत जातो. अशा एखाद्या सेलमध्ये आतल्या आत शॉर्ट झाला तर उष्णता शेजारच्या सेलकडे सरकते आणि सगळा पॅक पेटतो. आणि ही आग साध्या आगीसारखी झाकून विझत नाही, कारण तापलेला धनाग्र स्वतःच ऑक्सिजन सोडतो.

माझ्या दि. ८ सप्टेंबरच्या ई-मेलला दि. १० सप्टेंबर रोजी आपल्याकडून जे उत्तर आले त्यात म्हटले आहे की चार्जर "युनिव्हर्सल" आहे, बॅटरीत बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून धोका दिसताच चार्जिंग तोडणारे सर्किट) असल्यामुळे जादा चार्जिंग होत नाही आणि उत्पादन व्यवस्थित चालत आहे. या उत्तराने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले. दिव्याचे लाल-हिरवे होणे याचा अर्थच हा आहे की बीएमएस रोज सेलची धोक्याची पातळी ओळखून चार्जिंग तोडत आहे, व्होल्टेज किंचित उतरले की ते पुन्हा सुरू होत आहे आणि पुन्हा तोडले जात आहे. कुकरची शिट्टी अडकलेली असताना सेफ्टी व्हॉल्व्हच्या भरवशावर रोज स्वयंपाक करावा, असे कोणी कोणाला सांगणार नाही. बीएमएस हा बॅटरीचा सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. चार्जिंग कोठे थांबवायचे हे ठरवणे चार्जरचे काम आहे. बीएमएसमधला एक मॉस्फेट, म्हणजे चार्जिंग तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, शॉर्ट होऊन निकामी झाला, तर ४३.८ व्होल्ट आणि सेल यांच्यामध्ये दुसरे काहीही उरत नाही. वर उल्लेखिलेल्या मेकॅनिकने मला "तीन तासांनी आठवणीने प्लग काढत जा" असा सल्ला दिला. माणसाच्या आठवणीवर सोपवलेली ही सुरक्षितता मला मान्य नाही.

आमचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि सायकलची बॅटरी आम्ही दाराजवळच्या पॅसेजमध्ये चार्ज करत असू, कारण तेथेच मोकळा प्लग आहे. बाहेर पडण्याची वाटही तीच. आतल्या खोलीत माझी ७८ वर्षांची आई झोपते. जवळजवळ चार आठवडे, रोज रात्री, आम्ही हा चार्जर त्या एकमेव वाटेवर लावून झोपलो. मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या लोहगाव भागात रस्त्याकडेची विजेवरची स्कूटर पेटल्याची चित्रफीत सर्वांनी पाहिली, आणि त्याच सुमारास तमिळनाडूतील वेल्लोर येथे घरी चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या आगीच्या धुराने वडील आणि त्यांची मुलगी दगावली. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीविषयीचे एआयएस-१५६ हे मानक कडक करून १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केले. २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेतील आपली सायकल मोटार वाहनाच्या व्याख्येत बसत नाही, तिला नोंदणी लागत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु नोंदणीतून मिळालेली ती सूट म्हणजे कोणतीही अनामिक बॅटरी विकण्याची मुभा, असा अर्थ कोणत्याही जबाबदार कंपनीने घेऊ नये. आत असलेले सेल त्याच जातीचे आहेत आणि ते स्कूटरप्रमाणे वाहनतळावर राहत नाहीत, माणसांच्या झोपण्याच्या खोलीशेजारी येतात.

क्षमतेविषयीही एक मुद्दा नोंदवतो. २ अँपिअरच्या चार्जरने १४ अँपिअर-तासांची बॅटरी रिकामी असताना पूर्ण भरायला किमान सात तास लागायला हवेत. माझी बॅटरी सायकल बंद पडेपर्यंत वापरल्यावरही चार तासांत भरत होती, म्हणजे तिची खरी क्षमता आठच्या आसपास आहे. उड्डाणपुलाच्या चढावर, मागून गाड्या येत असताना, ती दोनदा अचानक बंदही पडली. सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर मी फोडलेले जुने पॅक आणि त्यांतून काढून वेगळे लावून ठेवलेले सेल पाहिले आहेत. माझ्या बॅटरीत जुने सेल आहेत असा आरोप मी पुराव्याशिवाय करणार नाही. पण तो प्रश्न मी आपल्याला लेखी विचारत आहे आणि त्याचे लेखी उत्तर मला हवे आहे. माझी मूळ बॅटरीही त्याच सेंटरने ठेवून घेतली आणि तिची पावती दिली नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापर-प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून ती बॅटरी कोठे गेली हेही आपण कळवावे.

माझी पहिली मागणी ही आहे की, ही बॅटरी आणि हा चार्जर आपण परत घेऊन १६,८०० रुपयांची पूर्ण रक्कम परत करावी. माझ्याकडे ४२ व्होल्टचा जुना चार्जर आहे आणि तो वापरून काम भागवा, असे कृपया सुचवू नये. चार आठवडे मर्यादेपलीकडे ताणलेल्या सेलच्या आत काय झाले आहे हे बाहेरून दिसत नाही आणि अशी बॅटरी मी पुन्हा घरात चार्ज करणार नाही. सध्या ती बाल्कनीत सावलीत, फरशीवर, इतर वस्तूंपासून दूर ठेवली आहे. ती कुरिअरने पाठवण्यास मी तयार नाही. आपल्या प्रशिक्षित माणसाने येऊन न्यावी.

दुसरी मागणी माझ्यापुरती नाही आणि मला ती पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. बंद झालेल्या मॉडेलच्या प्रत्येक मालकाला आज ना उद्या बदली बॅटरी घ्यावीच लागणार आहे. सुरक्षित बॅटरी निवडायची तर त्याला सेल कोणत्या जातीचे, मालिकेत किती, चार्जरचे नेमके व्होल्टेज किती, मोटरला वीज पुरवणारा कंट्रोलर जास्तीत जास्त किती अँपिअर ओढतो आणि म्हणून बीएमएस किती अँपिअरचा हवा, पिनेचे धन आणि ऋण टोक कोणते, बॅटरी आणि कंट्रोलर यांच्यात संदेशवहनाची तार आहे की नाही, हे माहीत असावे लागते. यातले बहुतेक सायकल उघडूनही ग्राहकाला कळत नाही. ते फक्त आपल्याला ठाऊक आहे. ही माहिती एका पानात मावते. ती मराठीतही छापून प्रत्येक मालकाला पाठवावी, प्रत्येक सर्व्हिस सेंटरमध्ये लावावी, आणि ज्यात आयएस १६०४६ या भारतीय मानकाखाली नोंदणी झालेले सेल नाहीत किंवा ज्यावर निर्मात्याचे नाव नाही असा पॅक कोणत्याही अधिकृत सेंटरने विकू नये असा लेखी आदेश द्यावा. न्यूयॉर्क शहरात सप्टेंबर २०२३ पासून विजेवरच्या सायकलींच्या बॅटऱ्या यूएल २२७१ मानकाच्या प्रमाणपत्राशिवाय विकण्यास बंदी आहे, त्यामुळे तेथील ग्राहकाला निदान कोणता शिक्का पाहायचा हे कळते. आपल्याकडे दुकानदार सांगेल तेच प्रमाण, ही स्थिती बदलणे आपल्या हाती आहे. त्याच सेंटरमधून असाच चार्जर आणखी किती जणांनी नेला असेल, याचा शोध बिलांवरून घेऊन त्यांना फोन करण्याचे काम मात्र या पत्राच्या उत्तराची वाट न पाहता आजच सुरू करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ने वस्तूचा दर्जा आणि मानक यांची माहिती मिळण्याचा हक्क मला दिला आहे, आणि वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारे न देणे हेही त्या कायद्याखाली उत्पादकाच्या दायित्वात येते. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. बिल, दोन्ही चार्जरच्या लेबलांची छायाचित्रे, मोजमापाच्या वेळची मल्टिमीटरची छायाचित्रे आणि आपल्याशी झालेला ई-मेल व्यवहार यांच्या प्रती या पत्रासोबत जोडल्या आहेत. बॅटरी नेण्यासाठी माणूस पाठवणार असाल तर आदल्या दिवशी फोन करावा. सायंकाळी सातनंतर मी घरी असतो.

आपला,
एक ग्राहक