गेटाच्या आतलं घर

फ्रायबर्ग, सॅक्सनी, जर्मनी
फेब्रुवारी अखेर

प्रिय दोस्ता,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. मध्येच हॉर्नच्या आवाजात काही ऐकू येईना, तेव्हा समजलो, साहेब आपल्या चंद्रपूरच्या जटपुरा गेटात अडकलेत. फोन केला असता, पण घर विकण्याचा विषय फोनवर निघाला की आपली खडाजंगी होते, म्हणून सरळ बसून लिहितोय.

परकोटाच्या, म्हणजे गावाच्या जुन्या तटाच्या, आतलं घर काढून नागपूर रोडला फ्लॅट घ्यावा का, हा तुझा प्रश्न. वर टोमणाही मारलास, की तू तिकडं जुन्या गावात मजेत राहतोस, तुला सल्ले द्यायला काय जातंय. अरे, सल्ला मी अजून दिलाय कुठे? आधी माझं जुनं गाव कसं आहे ते ऐक, मग टोमणा लागू पडतो का ते बघ.

फ्रायबर्ग हे ड्रेस्डेनहून रेल्वेने पाऊण तासाच्या आत येणारं, चाळीसेक हजार वस्तीचं गाव. 1168 च्या सुमारास इथं चांदी सापडली. मीठ वाहणाऱ्या गाडीवानांना चाकोरीत चमकणारा दगड दिसला, अशी दंतकथा आहे. माइसेनच्या ओटो नावाच्या सरदाराने मुभा दिली, की ज्याला खणायचंय त्याने खणावं, आमचा वाटा तेवढा द्यावा. मग काय, माणसांचे लोंढे लागले. ओटोचा ‘श्रीमंत ओटो’ झाला आणि आज तो मोठ्या चौकातल्या कारंज्यावर पुतळा होऊन उभा आहे. त्यानंतर आठशे वर्षं खाणी कमी-जास्त चालत राहिल्या. जर्मनीने 1870 च्या दशकात सोन्याचं नाणं धरलं, चांदीचा भाव कोसळला आणि 1913 मध्ये कारभार आटोपला. मग 1930 च्या दशकात शिसं आणि जस्तासाठी पुन्हा खणायला लागले आणि 1969 मध्ये कायमचं थांबले. लालपेठ-दुर्गापूरच्या कोळसाखाणी बघत वाढलेल्या आपल्यासारख्यांना आठशे वर्षं म्हटलं की गरगरतं.

मी राहतो ते बुर्गश्ट्रासेच्या बाजूच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. 1484 मध्ये मोठी आग लागून गाव जळालं, त्यानंतर बांधलेली घरं बरीच आहेत. भिंती हातभर जाड, छपरं इतकी उभी आणि उंच की घरापेक्षा छप्परच मोठं वाटावं. जुनं गाव या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा मिनिटांत चालून होतं. बेकरी, औषधाचं दुकान, दाताचा डॉक्टर, पोस्ट, सगळं खाली उतरलं की आहे. वाचनालय तर धान्याच्या जुन्या कोठारात आहे, पाचशे वर्षांपूर्वी लोकांना दुष्काळात उपाशी मरू न देण्यासाठी बांधलेल्या. 1790 च्या दशकापासून चालू असलेलं नाट्यगृहही चालत जाण्याच्या अंतरावर. प्रयोगशाळेतही पायीच जातो. गाडी घेतली नाही, घ्यावीशीही वाटली नाही. गाडी ठेवायची कुठे, हाच प्रश्न आहे म्हणा.

वाटेत चौकात एक काळसर दगड लागतो, त्यावर क्रूस कोरलेला. कुंत्स फॉन काउफुंगेन नावाच्या सरदाराने पैशाच्या भांडणातून राजपुत्रांना पळवून नेलं, म्हणून 1455 मध्ये त्याचं डोकं इथं उडवलं. समोरच्या नगरपालिकेच्या दर्शनी भिंतीवर दगडी मुंडकं बसवलंय, ते नेमकं त्या जागेकडे बघतं. इथली पोरं त्या दगडावर थुंकतात म्हणे. मी पाय न देता बाजूने जातो, का ते विचारू नको.

आता खरी गोष्ट सांगतो. हे गाव ‘चालण्याजोगं’ असावं असं कोणी शहाण्याने ठरवलं नव्हतं. चालण्यावाचून दुसरा उपायच नव्हता. खाण कामगार पहाटे उठून गावाबाहेरच्या खाणीवर पायी जायचा, पाळी संपली की पायी परत. पेत्री चर्चच्या मनोऱ्यात त्यांना पाळीला बोलावणारी छोटी घंटा होती. भोवती तट, त्यामुळे वस्ती पसरायला जागा नाही. मग माणूस, दुकान, देऊळ, बाजार सगळं एकाला एक खेटून. आपल्या गोंड राजांच्या परकोटातही हेच ना? राजा बल्लाळशाच्या डोक्यात पादचाऱ्यांची सोय नव्हती, शत्रू होता.

गंमत पुढे आहे. इथल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात वेशी पाडून टाकल्या. गाड्या-घोड्यांना अडचण होते, म्हणून. तटाचा तुकडा आणि दोनात नावाचा गोल बुरूज तेवढा उरला, बाकीच्या जागी झाडांचा पट्टा केला. आपल्या चारही वेशी, जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर, अजून उभ्या आहेत आणि त्यातून ऑटो, बुलेट अन् पाण्याचे टँकर जातात. वेशी पाडलेल्यांना 2019 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिला (एकटं फ्रायबर्ग नाही, इथला अख्खा एर्त्सगेबिर्गे डोंगर, पार चेक हद्दीतल्या खाणींसकट) आणि आपल्या वेशींना काय मिळालं? फ्लेक्स. आपल्या इको-प्रो संस्थेच्या पोरांनी तट साफ केला नसता तर झुडपांत शोधावा लागला असता.

पण तू जे विचारतोयस त्याचं उत्तर माझ्या खालच्या मजल्यावर राहतं. तिथं एक आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. बालपण याच गल्लीत गेलं. पूर्व जर्मनीच्या काळात ही जुनी घरं गळायला लागली, दुरुस्तीला ना सिमेंट ना कौलं, संडास जिन्यात, गरम पाण्याला कोळशाची शेगडी. सरकारने गावाबाहेर वासरबर्गला काँक्रीटच्या चाळी उभारल्या. तिथं नळाला गरम पाणी, खोली खोलीत हीटर. आजी लग्नानंतर तिकडं गेल्या आणि म्हणतात, आनंदाने गेलो, वळूनही पाहिलं नाही. दर शनिवारी कोळशाच्या बादल्या दोन मजले चढवलेल्या बाईला जुन्या घराची शोभा सांगू नये, हे मला त्यांच्याकडून कळलं. 1990 नंतर पैसा आला, एकेक घर उघडून नव्यानं उभं केलं, आणि त्या परत आल्या. का, तर नवरा गेला, गाडी चालवता येत नाही आणि तिकडून दर गोष्टीला बस.

आता त्यांचा दिवस बघ. सकाळी दोन चाकांची पिशवी ओढत चौकात भाजी घ्यायला. तिथून बेकरीत आयरशेके खायला. तो अंड्याच्या मलईचा पातळ केक असतो, ड्रेस्डेनवाले त्यात चक्का घालतात, हे घालत नाहीत. कारण विचारशील तर म्हणतात, आमचा चक्का तटाच्या चुन्यात गेला. दुपारी कधी डोम चर्चमध्ये बसतात, तिथला ऑर्गन गोटफ्रीड झिल्बरमानने 1714 मध्ये बांधलेला आहे, आजही वाजतो. गल्लीत कोणाला सर्दी झाली, कोणाकडे पाहुणे आले, सगळं त्यांना ठाऊक. मला ताप आला तेव्हा सूप आणून दारात ठेवलं आणि लगेच बजावलं, भांडं उद्या हवं. अगदी आपल्या आळीतल्या काकू!

सगळं गोड आहे असं समजू नको. फरशा दगडी आणि उंचसखल, त्यावर बर्फ गोठला की माणूस फिगर स्केटिंग करतो. घरासमोरचा बर्फ भाडेकरूंनीच पाळीपाळीने काढायचा, सकाळी लवकर. माझी पाळी असली की हमखास पडतो. आपल्या मे महिन्याच्या पंचेचाळीसची इथं आठवण काढतो, हे लिहिताना लाज वाटते. रविवारी दुकानं बंद, सगळं चिडीचूप, शनिवारी दूध विसरलं तर काळा चहा. कढीपत्ता अन् हिंग आणायला ड्रेस्डेन गाठावं लागतं. घर वारसा यादीत, म्हणून खिडकीची लाकडी चौकटसुद्धा परवानगीशिवाय बदलता येत नाही. आणि कोविडच्या काळात सोमवारी संध्याकाळी निदर्शनं निघायची, त्याला म्हणायचे ‘फेरफटका’. गल्लीबोळांतून शेकडो माणसं चालत जायची, नियमांविरुद्ध, सरकारविरुद्ध आणि त्यांतली काही आमच्यासारख्यांविरुद्धही. त्या संध्याकाळी मी वाट वाकडी करून घरी यायचो. जिथं चालता येतं तिथं सगळेच चालतात, हे लक्षात ठेव.

आणि माती. मागच्या अंगणात सांबार (म्हणजे कोथिंबीर) अन् मेथी लावायचं ठरवलं होतं. आजींनी फावडं हातातून काढून घेतलं. आठशे वर्षं खनिज खणलं, भाजलं, वितळवलं, त्याचं शिसं अन् आर्सेनिक या मातीत मुरलंय. इथं भाजी लावायची तर लाकडी खोका करून विकतची माती भरतात. आता माझा सांबार खोक्यात वाढतो. तू म्हणशील, आपल्याकडे तर कोळशाची काजळी वाळवणावरच बसते. खरंय. पण खाण बंद झाली की तिचं काम संपतं असं मला आधी वाटायचं. इथं खाणीतलं पाणी काढायला 1844 ते 1877 अशी तेहतीस वर्षं खपून जमिनीखालून पन्नास किलोमीटर लांब बोगद्यांचं जाळं खोदलं, रोथशोनबर्ग बोगदा म्हणतात. खाणी मेल्या, तो अजून पाणी वाहतोय आणि त्याची देखभालही चालू आहे. आपल्या वेकोलिच्या (सरकारी कोळसा कंपनीच्या) खड्ड्यांचं पुढे कोण बघणार, हा प्रश्न तुझ्या नगरसेवकाला विचारून बघ, चेहरा कसा होतो ते कळव.

मग हे गाव जिवंत कसं राहिलं? माझ्या मते कारण एकच, विद्यापीठ. 1765 साली इथं खाणशास्त्राची अकादमी निघाली, आज चालू असलेल्यांत जगातली सर्वांत जुनी. जगप्रवासी निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्ट इथं शिकला. इंडियम हे मूलद्रव्य 1863 मध्ये आणि जर्मेनियम 1886 मध्ये इथंच सापडलं. चांदी संपली तरी शिकायला येणारी पोरं थांबली नाहीत, आता तर आपल्याकडची पोरंही भरपूर आहेत, बेकरीच्या रांगेत कधी मराठी कानावर येतं. ही पोरं भाडं भरतात, चहा पितात, सायकली दुरुस्त करून घेतात, म्हणून तळमजल्यावरची दुकानं उघडी राहतात. तरीही काही काचांवर ‘भाड्याने देणे आहे’ लटकलेलं असतंच. तेवढी पोरं काढ, आणि चार वर्षांत ही गल्ली नुसतं चित्र होईल.

फ्रॉयडेनश्टाइन किल्ल्यात खनिजांचं संग्रहालय आहे, ‘टेरा मिनरालिया’ नावाचं. आशियाच्या दालनात आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात तयार झालेले झिओलाइटचे स्फटिक बघितले. आपण विहिरीच्या मलब्यात पायाखाली तुडवले असते, इथं दिव्याखाली ठेवलेत. तू आलास की आधी तिथं नेतो, मग राइशे त्सेशेच्या खाणीत. दीडशे मीटर खाली उतरवतात, आत बारा महिने दहाएक अंश. उतरताना सगळे एकमेकांना ‘ग्ल्युक आउफ’ म्हणतात, खाणवाल्यांचा रामराम आहे तो.

आता घराचं. जुनं घर ठेव, असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात तुमच्या माजघरात किती ठिकाणी भांडी लावावी लागतात ते मी पाहिलंय, आणि ती गळती काढायचा खर्च मला करायचा नाही. पण एक कर. एक आठवडा आईच्या मागे मागे फिर. ती महाकालीला पायी जाते, गोल बाजारातून भाजी आणते, दुपारी भानापेठेत मावशीकडे बसते, औषध संपलं तर स्वतः जाऊन आणते. यातलं नागपूर रोडवरून किती जमेल? जमणार नसेल तर दर वेळी तुला गाडी काढावी लागेल, किंवा ती जाणंच सोडेल. आई ‘मला काही नको’ म्हणेल, त्यावर विश्वास ठेवू नको. दुसरं, तुमच्या आळीतली किती घरं आता गोदामं झाली ते मोज. निम्मी झाली असतील, तर तू राहूनही तिथं गाव उरणार नाही, मग खुशाल वीक.

तिसरा मार्गही आहे. पुढच्या दोन खोल्या पाडून नीट बांध, संडास-न्हाणी आत घे, मागचा भाग तसाच ठेव. इथं सगळी घरं अशीच वाचली, एकदम नाही, खोली खोली करत. पण त्यासाठी आधी काकांचा हिस्सा मोकळा व्हायला हवा. नागपूरच्या वकिलांनी काय सांगितलं? सातबारा नाही, सिटी सर्व्हेचा उतारा काढलास का? त्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर विकण्याचा प्रश्न तसाही दोन वर्षं पुढे गेला, आणि आपण उगाच भांडतोय. उताऱ्याचा फोटो पाठव.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात इथं गावजत्रा असते, जुन्या गणवेशातले खाणवाले मागे कातडं बांधून मिरवणूक काढतात. तेव्हा येता येत असेल तर तिकिटाचं आत्ताच बघ, नंतर भाव चढतात. आईला नमस्कार, पोरीला पापा.

तुझाच,
गल्लीतला