चांदीचे ड्युइट हे चाचणीचे नाणे नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील जुन्या परदेशी नाण्यांवरील लेखात डच ईस्ट इंडिया कंपनीच्या चांदीतील ड्युइटचे वर्णन 'टांकसाळीतील चाचणीचे नाणे' असे केले आहे. हे नाणे मुळात कशासाठी पाडले गेले, याविषयीच त्यामुळे वाचकांचा गैरसमज होतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

ड्युइट हे तांब्याचे नाणे. नेदरलँड्समध्ये ८ ड्युइटांचा एक स्टायव्हर (चांदीचे छोटे डच नाणे) होत असे, तर जावामध्ये ४ ड्युइटांनाच एक स्टायव्हर मिळे. साहजिकच खलाशी मायदेशातील ड्युइट चोरून पूर्वेकडे नेऊ लागले, आणि तो नफा दुसऱ्यांच्या पदरात पडू नये म्हणून कंपनीने १७२६ पासून आपल्या एकात एक गुंफलेल्या आद्याक्षरांचा ठसा असलेली वेगळी ड्युइट हॉलंड, झीलंड, उट्रेख्त आदी प्रांतांच्या टांकसाळींतून पाडून घेतली. ज्या नाण्याचा सारा लाभ तांब्याच्या स्वस्ताईवर उभा होता, ते चांदीत काढून पाहण्याचे कंपनीला काहीच कारण नव्हते. त्या काळचा चांदीचा स्टायव्हर वजनाला एक ग्रॅमही भरत नसे आणि चांदीचे ड्युइट त्याच्या कितीतरी पट जड असते, म्हणजे स्टायव्हरच्या अंशाएवढ्या किमतीच्या नाण्यात स्टायव्हरहून जास्त चांदी गेली असती, हा साधा हिशेबही येथे पुरेसा आहे.

हे चांदीचे तुकडे मुख्यतः नववर्षाच्या भेटीसाठी आणि हौशी संग्राहकांसाठी पाडले जात. नाणे हातात घेऊन पाहिले तरी याची खूण पटते. छाप नेहमीच्याच ड्युइटचा असतो, पण तांब्याच्या ड्युइटची कड सपाट असते, तर चांदीच्या तुकड्याच्या कडेवर पुष्कळदा बारीक तिरप्या खाचा दिसतात. शिवाय असे तुकडे एखाद्या वर्षाचे नसून अनेक वर्षांचे सापडतात. रुळलेल्या नाण्याची चाचणी कोणी पुन्हा पुन्हा घेत नाही. हलक्या नाण्यांच्या ठशांनी सोन्यात पाडलेल्या तुकड्यांचे वजन तर अनेकदा डुकॅट या प्रचलित सोन्याच्या नाण्याच्या हिशेबात बसवलेले असे, म्हणजे भेट घेणाऱ्याला तिचे मोल लगेच कळावे. दुप्पट किंवा त्याहून अधिक जाडीची 'पिएफोर्ट' नाणीही बहुतांशी मानाच्या भेटीचीच असत.

ठसा नीट उठतो की नाही हे पाहण्यासाठी शिसे किंवा कथील यांसारख्या मऊ धातूवर, कित्येकदा एकाच बाजूने घेतलेला छाप ही खरी चाचणी. नमुना-नाणे त्याहून निराळे: नवे नाणे काढण्याचा विचार चालू असताना ते मंजुरीसाठी तयार होते आणि कधी कधी नमुन्यावरच थांबते. नेपोलियनचा भाऊ लोडेवेक १८०६ ते १८१० या काळात हॉलंडचा राजा असताना प्रांतोप्रांतीच्या जुन्या नाण्यांऐवजी राजाच्या मुखवट्याची नवी नाणी आणण्याचे प्रयत्न झाले, आणि त्या काळातील अशी बरीच नमुना-नाणी आज उपलब्ध आहेत.

'चाचणी' म्हटले की नाण्याची किंमत चढते, आणि नव्याने या छंदाकडे वळलेला संग्राहक नेमका तेथेच फसतो. लिलावाच्या यादीत धातू, वजन, कडेचे स्वरूप आणि ठसा नेहमीच्याच नाण्याचा आहे की नाही, एवढे स्पष्ट छापले जावे, आणि पुरवणीतील उल्लेखाची दुरुस्तीही आपण प्रसिद्ध करावी, ही विनंती.

आपला,
एक नाणेसंग्राहक वाचक, सांगली